परवानादात्यांना एका बोनाफाईड विद्यार्थ्याचं पत्र

प्रति,
मा. विद्यार्थी-कल्याण प्रमुख,
जगातील समस्त महागड्या सॉफ्टवेअर कंपन्या

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपल्या दातृत्वाने मी भारावून गेलो आहे. एरवी सामान्य माणसाच्या खिशाला न झेपणारं ऑटोकॅड आपण मला वर्षभर फुकट देता. वर्ष सरलं की अजून शिकतोय एवढं सिद्ध करायचं, पुन्हा फुकट. जेटब्रेन्स तर पदवी मिळाल्यावरही ४० टक्के सवलतीचा आहेर करते. गिटहबचा विद्यार्थी पॅक २०१४ पासून आहे. मायक्रोसॉफ्ट अझुरवर उधळायला १०० डॉलर देते, तेही क्रेडिट कार्ड न मागता. आमचे तीर्थरूप मोबाईलच्या रिचार्जचाही हिशेब मागतात.

अट एकच, विद्यार्थी असल्याचं सिद्ध करा. कॉलेजचा ईमेल द्या म्हणता. साहेब, आमचं पॉलिटेक्निक तालुक्याचं. आमचे प्राचार्यसुद्धा जीमेल वापरतात. मग मी ओळखपत्राचा फोटो पाठवला. त्यावर कॉलेजचा शिक्का नेमका माझ्या तोंडावर बसलेला. नामंजूर.

मग बोनाफाईडसाठी ऑफिसच्या खिडकीशी उभा राहिलो. मॅडमनी विचारलं, ‘कारण काय लिहू? एसटी पास की स्कॉलरशिप?’ सॉफ्टवेअर म्हटल्यावर त्यांनी जरा विचार करून ‘सॉफ्टवेअर कन्सेशन’ असं लिहिलं आणि गोल शिक्का मारला. महाराष्ट्र शासन ज्या कागदावर शिष्यवृत्ती देतं, तो कागद आपल्या यंत्राने काही सेकंदांत परत पाठवला: नाव जुळत नाही. आमच्याकडे कागदोपत्री आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. यंत्राने माझं आडनाव हे नाव धरलं आणि वडिलांना माझं आडनाव करून टाकलं. हॉस्टेलवर क्रॅकचा पेनड्राइव्ह फिरवणारा मात्र नावाचा क्रम विचारत नाही. अँटिव्हायरस तेवढा बंद करायला सांगतो.

आता आपल्या दातृत्वाविषयी. १९९८ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांसमोर बिल गेट्स मोकळेपणाने बोलून गेले होते की, चीनमधले लोक सॉफ्टवेअर चोरणारच असतील तर आमचंच चोरू देत. एकदा चटक लागली की पुढच्या दशकात वसुलीचं कसं करायचं ते बघू. यात नवं काही नाही. आमच्या पणजोबांच्या पिढीला चहा कंपन्यांनी असाच फुकट चहा पाजला होता. मी नोकरीला लागेन, मालक विचारेल काय येतं, मी आपल्या सॉफ्टवेअरचं नाव सांगेन आणि मालक पूर्ण किमतीचा परवाना घेईल. म्हणजे आपला विक्रेता मीच, तोही बिनपगारी. अशा माणसाला दारातच अडवावं का?

बरं, परवान्याने कमवायचं नाही, ही अट मला मान्य आहे. काकांच्या घराचा नकाशा पैसे घेऊन काढणार नाही. पूर्वी तर शैक्षणिक ऑटोकॅडचा नकाशा छापला की चारही कडांना ‘शैक्षणिक उत्पादन’ अशी पट्टी उमटायची आणि त्यातला एखादा दरवाजा उचलून दुसऱ्या नकाशात नेला तरी ती पट्टी त्यालाही चिकटायची. तेवढा कडक बंदोबस्त आपल्याला जमतो, पण आडनाव आधी लिहिलेला कागद वाचायला जमत नाही, हे मला खरं वाटत नाही.

तोवर मी फ्रीकॅड हे मुक्त सॉफ्टवेअर उघडलं आहे. त्याने बोनाफाईड मागितलं नाही. आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प सायलॅब, पायथन, ई-सिम असली मुक्त सॉफ्टवेअर कॉलेजांत पोचवतो, आणि पाठ्यपुस्तकातल्या सोडवलेल्या उदाहरणांचे प्रोग्रॅम लिहून देणाऱ्या विद्यार्थ्यांना वर मानधन देतो. तिथल्याच स्पोकन ट्युटोरियलमध्ये मराठीतले धडेही आहेत. आपण सवय लावायला फुकट देता, हे शिकवायला देतात. मालकाने विचारलं तर मी यांचंही नाव सांगणार आहे, एवढं आपल्या विक्री विभागाला कळवावं.

तेव्हा विनंती अशी की, गोल शिक्क्याचं, आडनाव आधी असलेलं बोनाफाईड ग्राह्य धरावं.

आपला कृपाभिलाषी,
डिप्लोमा, अंतिम वर्ष

ता. क. हे पत्र वाचून अर्ज करणाऱ्या मित्रांसाठी: फीची पावती चालू वर्षाचीच लावा, ओळखपत्र प्लास्टिकच्या कव्हरातून बाहेर काढून त्याचा फोटो घ्या, आणि नूतनीकरणाची तारीख परीक्षेच्या आठवड्यात येत नाही ना, ते आधी बघा.