बॅगोबा

उर्से टोलनाक्याच्या आसपास कारखाने आले आणि मावळात एक नवी जमात दिसू लागली. पहाटे साडेतीनला दारात कॅब, पाठीला लॅपटॉप आणि ड्रायव्हरचा एकच प्रश्न, "लोहगाव का मुंबई?" सोमवारी चेन्नई, बुधवारी गुरुग्राम, शनिवारी सकाळी सोमाटणे फाट्यावर मिसळ. ही माणसं गावोगावची मशीनं दुरुस्त करून येतात, पण त्यांचा जीव अडकलेला असतो तो जन्मभर टिकेल अशा मऊ बॅगेत. आमच्या आळीतल्या अशा एकाचं नाव पडलंय बॅगोबा.

बॅगोबांना कडक बॅग चालत नाही. "चाकं-दांडीसकट रिकामीच तीन किलो भरते. विमानात हातात न्यायला देतात सात. मग मी काय टूथब्रश घेऊन जाऊ?" लांबी, रुंदी, उंची मिळून ११५ सेंटिमीटर, हे त्यांना स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्कं पाठ आहे. लग्नात मिळालेली नाशिकच्या कारखान्यातली कडक सूटकेस माळ्यावर आहे. तिच्यात सध्या गणपतीचं मखर राहतं.

तळेगाव स्टेशनच्या बॅगवाल्याला ते लांबून येताना दिसले तरी तो चहा सांगतो, कारण तासाभराची निश्चिंती. बॅगोबा आधी बॅग उलटी करून आतली शिवण बघतात. पट्टा जिथे जोडलाय तिथे चौकोनात फुली मारून टाके घातलेत का, हे बोटाने चाचपतात. मग कापड. "डेनिअर किती?" दुकानदार गप्प. मग बॅगोबाच सांगतात, की ९,००० मीटर धागा जितके ग्रॅम भरेल तितके त्याचे डेनिअर. आपल्याला १,६८० चं बॅलिस्टिक नायलॉन पाहिजे, दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या चिलखती जाकिटांसाठी निघालेलं. वैमानिकाला चाललं, तर त्याच्या मागे बसणाऱ्याला का चालू नये?

शेवटी चेन. ती कुलूप लावून बंद करायची, खिशातलं बॉलपेन काढायचं आणि टोक दात्यांमध्ये खुपसायचं. चेन मधोमध उसवते, हात आत जातो. मग कुलपासकट रनर एकदा पुढे-मागे फिरवला, की चेन पुन्हा मिटलेली, कुलूप जागच्या जागी. दुकानातली दोन गिऱ्हाइकं आपापल्या बॅगा खाली ठेवून निघून जातात.

"साहेब, तुम्हाला बॅग घ्यायचीये का फोडायचीये?"

अखेर एकदाची मनासारखी बॅग मिळाली. पण मऊ बॅगेचा एक गुण बॅगोबांनी कुठल्याच तक्त्यात मांडला नव्हता. तिला 'नाही' म्हणता येत नाही.

आदल्या रात्री आई येते. हातात इंद्रायणीची पिशवी. हा तांदूळ इथल्याच वडगावच्या भात संशोधन केंद्रात तयार झालेला, १९८७ सालचा. चेन्नईच्या साहेबाला त्यांचा तांदूळ असला म्हणून काय झालं? पाठोपाठ गुरुग्रामच्या भाच्यासाठी चिक्की. अख्खं सुकं खोबरं विमानात चालत नाही, म्हणून ते मसाल्यात वाटून दिलेलं. शेजारच्या काकूंची मेतकुटाची पुडी.

"आई, सात किलोच चालतं गं."

"मावतंय की! दाब जरा."

आणि खरंच मावतं. चेन ताणते, शिवण कण्हते, कापड मात्र हूं की चूं करत नाही. काउंटरवर वजन नऊ किलो निघतं. मग बॅगोबा रांगेतून बाजूला होतात, दोन शर्ट एकावर एक चढवतात, त्यावर जाकीट, चार्जर एका खिशात, चपला दुसऱ्या खिशात. तांदळाला हात लावत नाहीत. मे महिन्यात चेन्नईला उतरणारा जाकीटवाला दिसला, तर तो मावळातला समजावा.

बॅग कापडाने फाटत नाही, भिडेने फाटते, हे त्यांना आता उमगलंय. परवा बॅगवाल्याकडे जाऊन त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "एखादी कडक आहे का? अजिबात न ताणणारी?" घेऊन आलेही.

आईने त्या बॅगेवर दोनदा टिचक्या मारल्या आणि खूश होऊन म्हणाली, "बरं झालं बाई! यात कुरडया मोडायच्या नाहीत."