लंकेतली दुसरी पसंती

"अगं ऐकलंस का, लंकेत साडेतीस लाख मतं मधल्यामध्ये गळाली!"

कुंपणापलीकडून अक्कांची अशी हाक आली की मी गॅस बारीक करून बाहेर येते. अक्का निवृत्त मुख्याध्यापिका. निवडणुकीच्या ड्यूट्या करून करून त्यांना मतमोजणीचा नाद लागला, तो पेन्शनीतही सुटला नाही. लेक-जावई श्रीलंकेची टूर करून आले, चहाची पाकिटं घेऊन आले, आणि अक्कांनी मात्र तिथली 2024 ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक उकरून काढली.

"गळाली म्हणजे? चोरीला गेली?"

"छे गं. कुणी हात लावला नाही, हीच तर गंमत. 38 उमेदवार उभे होते. त्यात महिंदा राजपक्षेंचा नामलही. 2019 ला काका गोटाबाया 52 टक्के मतं घेऊन आले होते, पाच वर्षांनी पुतण्याला अडीच टक्के! घराण्याचं नाव चालत नाही असं नाही हं. चाललंच, फक्त उलट्या दिशेनं."

"त्या गोटाबायांच्याच बंगल्यातल्या तलावात लोक पोहत होते ना? मी व्हॉट्सअॅपवर पाहिलं होतं."

"सगळ्यांनी तेवढंच पाहिलं. पेट्रोलला रांगा, गॅस नाही, औषधं नाहीत. जुलै 2022 मध्ये लोक बंगल्यात घुसले आणि साहेब आधी मालदीवला, मग सिंगापूरला. खरी मजा पुढे आहे. संसदेनं रनिल विक्रमसिंघेंना खुर्चीवर बसवलं. 225 च्या सभागृहात त्यांच्या पक्षाचा खासदार एकच, ते स्वतः! तरी 134 मतं पडली. त्याच मतदानात अनुरा कुमार दिसानायके उभे होते. त्यांना किती पडली असतील?"

"चाळीसेक?"

"तीन." अक्कांनी बोटं दाखवली. "आणि दोन वर्षांनी जनतेनं त्याच माणसाला 56 लाख मतं दिली. त्यांचा जेव्हीपी पक्ष म्हणजे काही भजनी मंडळ नव्हे. 1971 ला आणि पुन्हा 1987 ते 89 मध्ये सशस्त्र उठाव केलेला पक्ष. तो मतपेटीतून आला आणि हरलेले रनिल निमूट बाजूला झाले. आपल्या शेजारात हे दरवेळी घडतंच असं नाही."

मी म्हटलं, "अक्का, तुमची साडेतीस लाख राहिली."

"तेच सांगतेय. तिथं मतपत्रिकेवर 1, 2, 3 असे आकडे लिहिता येतात. भाजीवाल्याला आपण सांगतो ना, दोडका नसला तर भेंडी दे, तीही नसली तर गवार. पहिल्या मोजणीत कुणी निम्म्याच्या वर गेला नाही, तर पहिले दोघं ठेवायचे, बाकीच्यांच्या मतपत्रिका उलगडायच्या आणि त्यांवर या दोघांपैकी कुणाला पुढची पसंती आहे ते बघायचं. लोकांना पुन्हा रांगेत उभं करायला नको. 1982 पासून आठ निवडणुका झाल्या, सगळ्या पहिल्याच मोजणीत मिटल्या. 2024 ला पहिल्यांदा वेळ आली. दिसानायके 42 टक्क्यांवर, साजिथ प्रेमदासा जवळपास 33 वर. बाकीच्यांची मिळून 33 लाख मतं."

"मग ती उलगडली?"

"उलगडली. दिसानायकेंना त्यातून 1,05,264 मिळाली, प्रेमदासांना 1,67,867. संपलं. उरलेल्या साडेतीस लाखांवर या दोघांपैकी कुणापुढेच आकडा नव्हता. म्हणजे बघ, दोघांतच हिशेब केला तर दिसानायके 56 टक्क्यांनी निवडून आले. सगळी वैध मतं धरलीस तर 43."

मला हे काही पटेना. "पण मला दोघंही नको असतील तर? लिहायचं कशाला?"

"तर नकोच लिहूस. तोही कौलच. पण तीस लाख माणसांना दोघं सारखेच नकोसे होते? मला नाही वाटत. कुणी समजावलंच नसणार. कुठला पुढारी सभेत सांगेल, की मी पडलो तर त्याच्यापुढे दोन लिहा? चाळीस वर्षं सोय कायद्यात पडून राहिली आणि वापरायची वेळ आली तेव्हा लोकांना सवयच नाही. कायदा करणारे हुशार असतात गं, वापरायला शिकवणारा कुणी नसतो."

संसदेचं त्यांनी भरभर उरकलं. नोव्हेंबरमध्ये दिसानायकेंच्या आघाडीला 225 पैकी 159 जागा मिळाल्या आणि सप्टेंबरमध्ये ज्या तमिळबहुल जाफन्यानं त्यांना झिडकारलं, तिथंही सरशी झाली. "मग झालं की चांगलं!" मी म्हटलं. "दोन तृतीयांश बहुमत कुणाकडेही असो, मी घाबरतेच," अक्का म्हणाल्या.

मग गाडी दिल्लीला वळली. "आपल्याकडेही राष्ट्रपती असाच निवडतात, फक्त मत देतात खासदार-आमदार. 1969 ला दुसऱ्या पसंतीवरच निकाल लागला. इंदिराबाईंना हवे असलेले गिरी, काँग्रेसचे अधिकृत उमेदवार संजीव रेड्डी आणि तिसरे आपले सी. डी. देशमुख."

"रिझर्व्ह बँकवाले?"

"तेच. मुंबईसाठी नेहरूंच्या मंत्रिमंडळाचा राजीनामा देणारे. त्यांच्यामागे जनसंघ आणि स्वतंत्र पक्ष. काँग्रेस अध्यक्ष निजलिंगप्पा त्या पक्षांकडे गेले, की तुमची दुसरी पसंती आमच्या रेड्डींना द्या. इंदिराबाईंच्या गोटानं तेवढंच धरलं आणि सद्सद्विवेकबुद्धीला स्मरून मत द्या म्हणून रान उठवलं. देशमुखांची बहुतेक मतं गेलीही रेड्डींकडे. तरी गिरी 4,20,077 आणि रेड्डी 4,05,427! वर्ष संपायच्या आत काँग्रेस फुटली. आमदारांना दुसऱ्या आकड्याची किंमत बरोबर कळते बघ. त्यांना शिकवावं लागत नाही."

एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "आणि तू गं? पदवीधर मतदारसंघात तरी पसंतीचे आकडेच लिहायचे असतात. अठरा नंबरचा फॉर्म भरलास का? दर निवडणुकीला यादी नव्यानं करतात."

मी बी.कॉम. आहे, हे त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे.