भाजकराव

सिलिंडरवाला भरलेलं सिलिंडर खाली ठेवून रिकामं उचलायला वाकला, तेवढ्यात भाजकरावांनी त्याच्यासमोर खुर्ची सरकवली. "बस रे पाच मिनिटं." त्याला वाटलं, पाणी मिळणार. आतून आधी काहीतरी दळल्याचा आवाज आला, मग ओट्यावर ठकठक झाली, मग पंपाची घरघर. शेवटी बाहुलीच्या भातुकलीतला वाटावा अशा कपातून काळंभोर, वर तांबूस फेस धरलेलं काहीतरी त्याच्या हातात आलं. त्याने ते एका घोटात गिळलं, डोळे मिटले, उघडले आणि विचारलं, "काका, हे कशावरचं औषध?"

भाजकरावांनी वहीत नोंद केली. "चौथा," ते मला म्हणाले. "आजचा कोटा पुरा."

खरं नाव वेगळं आहे. ते मी सांगणार नाही, कारण हा लेख त्यांच्या हाती पडलाच तर अंकाची किंमत वाचकांच्या संख्येने भागून ते मला फोन करतील. भागणं हा त्यांचा स्वभाव आहे. लोक वस्तू विकत घेतात आणि मग हळहळतात. भाजकराव वस्तू विकत घेतात आणि मग भागतात.

इटलीची कॉफी मशीन आली त्या दिवशी मी नुकताच पालघरहून लोकलने बोईसरला उतरून, नवापूर नाक्यावर भाजी घेऊन, घामाघूम होऊन जिना चढत होतो. जिन्यातच मला अडवून त्यांनी आकडा सांगितला: 43,800 रुपये. मी पिशवी खाली ठेवली. "घाबरू नका, भाऊ. दिवसाला चार कप, वर्षाला 1,460, मशीनचं आयुष्य दहा वर्षं धरा. झाले 14,600 कप. कपामागे किती पडले? तीन रुपये! स्टेशनवर कटिंग तरी मिळते का हो तीन रुपयांत?"

हा 14,600 त्यांचा भाजक. एकदा तो ठरला आणि घरात काय वाटेल ते येऊ लागलं. 29,200चा ग्राइंडर: कपामागे दोन रुपये. 2,920ची नवी जाळी, म्हणजे कॉफी भरायची ती छिद्रांची वाटी: कपामागे वीस पैसे. मशीनच्या दांड्याला अक्रोडाच्या लाकडाची मूठ, तीही 2,920लाच: पुन्हा वीस पैसे. "हातात घेऊन बघा, भाऊ." मी घेतली. मूठ होती.

भाजकाला तडा गेला तो डॉक्टरांमुळे. रक्तदाब बघून त्यांनी फर्मान काढलं, दिवसाला एकच कप. दुसरा कोणी कॉफीसाठी हळहळला असता. भाजकराव हिशेबासाठी हळहळले. एका कपाने भागलं तर मशीन कपामागे बारा रुपयांवर जात होती. उरलेले तीन कप कोणीतरी प्यायलाच हवे होते. वहिनी चहा पितात, आणि "त्या काळ्या पाण्याला" हात लावणार नाही, असं त्यांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं होतं. तेव्हापासून आमच्या सोसायटीत गिऱ्हाईक धरणं सुरू झालं. कुरिअरवाला, मीटर रीडिंगवाला, वॉचमन, सातपाटीहून पापलेट घेऊन येणारी मावशी, मतदारयादीचं काम घेऊन आलेल्या शिक्षिका. मावशीने कप हातात घेऊन वास घेतला, परत दिला आणि पापलेटचा भाव वीस रुपयांनी वाढवला.

मी मात्र कायमचा सापडलो, शेजारी असल्यामुळे.

आता मी इतका कडू पाजला गेलेला माणूस, म्हणून मला बोलायचा अधिकार आहे. त्यांच्या खर्चांतले काही खर्च खरे होते. सगळ्यांत खरा ग्राइंडर. आधी ते मिक्सरमध्ये दळायचे. त्यात निम्मी पिठी आणि निम्मी खडी. पाणी कसंही असलं तरी शेवटी पाणीच, ते वाट सोपी असेल तिकडून पळतं. त्यामुळे एकाच कपात कडूही आणि आंबटही. ग्राइंडर आल्यावर कॉफीला चव असते हे मला पहिल्यांदा कळलं. कोणी विचारलं तर मी तरी सांगेन की आधी ताजे भाजलेले दाणे, मग ग्राइंडर, मग ग्रॅम दाखवणारा काटा. मशीनचं नंतर बघू. हे मी भाजकरावांना सांगितलेलं नाही. ते ग्राइंडरही बदलतील.

दुसरा खरा खर्च एका स्प्रिंगचा. एस्प्रेसोला साधारण नऊ बार दाब लागतो. कुकरची शिटी होते एका बारच्या आसपास, म्हणजे नऊ कुकर एकावर एक समजा. पण घरगुती मशीनच्या खोक्यावर "15 बार" असं ठळक छापलेलं असतं, कारण आकडा मोठा असला की माल खपतो. मग जाणकार 730 रुपयांची स्प्रिंग आणतात, पाना घेऊन दहा मिनिटं खटपट करतात आणि दाब नवावर आणतात. पैसे देऊन पंधरा घ्यायचे आणि पुन्हा पैसे देऊन सहा कमी करायचे! भाजकरावांना यात काहीच वावगं वाटत नव्हतं. "कपामागे पाच पैसे!"

तिसरा खर्च पीआयडीचा. मूळ मशीनमधला थर्मोस्टॅट इस्त्रीसारखा, तापला की बंद, निवला की चालू, त्यामुळे पाण्याचं तापमान वरखाली हेलपाटे घालतं. पीआयडी ते एका जागी धरून ठेवतो. तो कसा चालतो हे त्यांनी मला तीन वेळा समजावलं आणि तिन्ही वेळा मला झोप आली. शेवटी वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "आत्ता किती चुकलंय, आजवर किती चुकत आलंय आणि पुढे किती चुकणार आहे, तिन्ही बघून बोलायचं. एवढंच ना? मग हे मी लग्न झाल्यापासून करतेय." भाजकराव गप्प झाले. व्याख्या बिनचूक होती.

बाकीचं मात्र नुसतं खूळ. सुयांचंच घ्या. दळलेल्या कॉफीत गुठळ्या राहू नयेत म्हणून ती बारीक सुयांनी ढवळतात. सुरुवातीला त्यांनी वहिनींच्या डब्यातली शिवणाची सुई बाटलीच्या बुचात खोचली होती. काम फक्कड चालायचं. मग 1,460 रुपयांचं यंत्र आलं, गोल फिरणारं, आठ सुयांचं. कपामागे दहा पैसे. वहिनींनी विचारलं, "माझी सुई दोन रुपयांची होती. ती कपामागे कितीला पडली?" कोणीही हा टोमणा समजला असता. भाजकराव कागद घेऊन बसले. "एका पैशाचा त्र्याहत्तरावा भाग," ते आदराने म्हणाले, आणि यंत्र तसंच ठेवलं.

एकदा मी धीर करून विचारलं, "आणि दाणे?" अठरा ग्रॅम कॉफी एका वेळेला. पावकिलोत तेराच कप निघतात. चिकमगळूरची ती पिशवी 500 रुपयांची, म्हणजे कपामागे अडतीस रुपये नुसते दाण्यांचे. शिवाय नवीन पिशवी फोडली की दळण जुळवताना पहिले दोन-तीन कप मोरीत. मशीन, ग्राइंडर, सुया, मूठ सगळं मिळून साडेसहा रुपयेसुद्धा होत नव्हतं आणि हा माणूस त्या साडेसहा रुपयांत पैसे मोजत बसला होता. भाजकरावांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी देवळात चपला घालून शिरलोय. "तो रनिंग खर्च, भाऊ. तो भागत नसतात."

या दाण्यांचीही गंमत आहे. बाबा बुडन नावाच्या फकिराने येमेनहून सात दाणे आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावले अशी कथा सांगतात. आज भारतातली कॉफी सगळ्यांत जास्त घेणारा देश इटली. दाणे बोटीने तिकडे, मशीन बोटीने इकडे. मिलानच्या अकिले गाज्जियाने 1938मध्ये दाबाने कॉफी काढायचं पेटंट घेतलं, तेव्हा त्याला बोईसर कुठे आहे ते माहीत नसणार. पण पाणी उकळून वाफेला कामाला लावायच्या धंद्यात आम्हीही काही कालचे नाही. तारापूरच्या अणुभट्ट्या 1969पासून हेच करताहेत. त्या हाकेच्या अंतरावर असताना आमच्याकडे वीज जाते आणि मशीन थंड पडते ती गोष्ट वेगळी. त्या वेळी भाजकराव खिडकीशी उभे राहून तारापूरच्या दिशेने बघतात. बोलत काही नाहीत.

गणपतीत भाजक उसळी मारतो. पाच दिवस आरतीला माणसं, आणि दाराशी भाजकराव. गेल्या वर्षी एका संध्याकाळी अकरा जण सापडले. पण त्या मशीनमध्ये बॉयलर एकच. दुधाला वाफ काढली की पुढच्या कपासाठी तो निववायचा, आणि निवला की पुन्हा तापवायचा. पाऊणेक तासात सात कप झाले. त्यातल्या एका काकांनी पहिला घोट घेऊन विचारलं, "ही एस्प्रेसो? मग वर चॉकलेट पावडर कुठाय?" आमच्याकडे एस्प्रेसो म्हणजे लग्नाच्या हॉलमधली: तो उंच चकचकीत बंब, वाफेची किंकाळी, दूध-साखर-पावडरचा फेस आणि वर तपकिरी भुरभुर. त्या बंबात कॉफीवर दाब म्हणून पडत नाही, नुसती वाफ असते, हे भाजकराव समजावू लागले. काका म्हणाले, "असेल. पण गोड असते." तोवर उरलेले चौघे दिसेनासे झाले होते. ते स्वयंपाकघरात उभ्याने वहिनींचा आल्याचा चहा पीत होते. त्यांच्यात मीही होतो.

पावसाळ्यातल्या एका रविवारी ते दाणे घ्यायला आत गेले असताना मी ती वही उघडली. मला वाटलं होतं, नुसते आकडे असतील. होते आकडेच, पण कारखान्यातल्या लॉगबुकासारखे, पट्टीने आखलेले. तारीख, वेळ, ग्रॅम आत, ग्रॅम बाहेर, सेकंद, तापमान, आणि शेवटच्या रकान्यात प्यायलेल्याचं नाव. सिलिंडरवाला पाच वेळा होता. "शेरा: आता साखर मागत नाही." मावशीच्या नावापुढे: "वास घेतला. अर्धा कप धरला." दिवाळीच्या चार ओळींत मुलीचं नाव होतं. ती पुण्याला असते. तिच्या कपांना शेरा नव्हता, फक्त सेकंदांखाली रेघ मारलेली होती. 28, 28, 29, 28.

तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ते सत्तावीस वर्षं इन्स्ट्रुमेंटला होते. काटे जुळवायचे, गेज तपासायचे, रात्रपाळीला बॉयलरचा आकडा जागेवर धरून ठेवायचा. आकडा जागेवर असला की त्यांची कोणी आठवण काढत नसे. हलला की पहिला फोन त्यांना. मग कारखाना गुजरातेत गेला. त्यांना हिशेब चुकता करून मिळाला आणि एक भिंतीवरचं घड्याळ. मशीन त्यानंतर चार महिन्यांनी आली. हे दोन्ही मला माहीत होतं, पण एकत्र कधी लावून पाहिलं नव्हतं.

मशीनच्या डाव्या अंगाला एक गेज आहे, तिच्या मानाने भलतंच मोठं, फुलक्याएवढ्या तबकडीचं. काचेवर ओरखडे, कडेला पिवळ्या रंगाने घातलेला नंबर अर्धा पुसलेला. पाणी कॉफीतून जाऊ लागलं की त्याचा काटा थरथरत नवावर येऊन उभा राहतो आणि भाजकराव काटा बसेपर्यंत श्वास धरून बघत राहतात. मी विचारलं, "हे कपामागे कितीला पडलं?"

"हे?" त्यांनी फडक्याने काच पुसली. "हे शेवटच्या दिवशी भंगारात चाललं होतं. हे घरचंच."

त्यांनी भागलं नाही अशी त्या घरातली ती एकच वस्तू.

या मे महिन्यात माझी बदली जव्हारला झाली. सांगायला गेलो तर भाजकरावांनी हळहळ वगैरे काही केली नाही. म्हणाले, "बदली किती वर्षांची?" तीन तरी, मी म्हटलं. ते आत गेले, कागद घेऊन आले, चष्मा लावला आणि बराच वेळ काहीतरी मांडत बसले. वहिनींनी मला चहा दिला. तो त्यांच्यासमोरच प्यायलो, तरी त्यांचं लक्ष गेलं नाही.

"रोजचा एक धरला तर तुमचे 1,095 कप तुटतात," अखेर ते म्हणाले. "भाजक बसत नाही. मशीनचं आयुष्य दहाऐवजी पावणेअकरा वर्षं धरलंय. बघू."

पहिल्या शनिवारी जव्हारच्या स्टँडवर एसटीची वाट बघत होतो, तेव्हा त्यांचा फोन आला. नवी पिशवी फोडली होती, दळण जुळलं होतं, काटा नवावर होता.

"भाऊ, आज सहा प्याल का? आठवडा मागे पडलाय."