कापूस अडवला, पण इंग्रज अडला नाही

"वहिनी, भावजींनी कापूस अजून घरातच भरून ठेवलाय म्हणे?"

"हो ना! समोरच्या खोलीत छतापर्यंत गंजी. भाव वाढल्याशिवाय विकणार नाहीत."

"अहो, अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मळेवाल्यांनी हेच केलं होतं. 1861ची यादवी. एकीकडे उत्तरेचा अध्यक्ष लिंकन, दुसरीकडे हे गुलाम राबवणारे. घमेंड केवढी! हॅमंड नावाच्या त्यांच्या सिनेटरानं 1858 मध्येच भर सभागृहात सांगितलेलं, कापूस राजा आहे, त्याच्याशी कोण लढणार? इंग्लंडच्या गिरण्यांना बहुतेक कापूस यांच्याकडूनच जायचा. तो अडवला की इंग्रज नाक मुठीत धरून येईल, आपल्याला वेगळा देश म्हणून मान्यता देईल, असा हिशेब. म्हणून आपणहून माल रोखला."

"मग, आला इंग्रज?"

"कसला येतो! आधी बक्कळ पीक आलेलं, लिव्हरपूलची गोदामं भरलेली. साठेवाले तर खूशच, पडून राहिलेल्या मालाचा भाव चढला! चणचण खरी भासली 1862 मध्ये. तोवर लिंकनच्या आरमारानं यांची बंदरं आवळली होती. शिवाय इंग्लंडात धान्याची तूट, आणि गहू यायचा उत्तरेकडून. आता पोट बघायचं की कापड?"

"म्हणजे इंग्रज मधे पडलाच नाही?"

"सरकार तटस्थ. पण तुमच्या मधल्या जाऊबाई असतात ना, तसं तटस्थ. तोंडानं 'मी कुणाच्यात नाही', आणि अर्थमंत्री ग्लॅडस्टन न्यूकॅसलला बोलून बसला, की दक्षिणेचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिसनं राष्ट्र उभं केलंय! लिव्हरपूलसमोर बर्कनहेडला दक्षिणेसाठी 'अलाबामा' हे जहाज बांधू दिलं. त्यानं उत्तरेची व्यापारी गलबतं लुटली, बुडवली. 1872 मध्ये अशा जहाजांपायी इंग्लंडवर दीड कोटी डॉलरच्या वर भरपाई बसली."

"आणि गिरण्यांतली माणसं?"

"उपाशी, दुसरं काय! लँकेशायरात लाखो लोक धर्मादायावर आले. तरी मँचेस्टरच्या कामगारांनी 31 डिसेंबर 1862ला सभा भरवून लिंकनला पत्र धाडलं, की गुलामगिरी मोडा, आम्ही तुमच्या बाजूचे. जानेवारीत त्याचं उत्तरही आलं. सगळेच इतके थोर नव्हते हं. दक्षिणेला मान्यता द्या म्हणणाऱ्या सभाही काही गावांत झाल्या. पोटाला चिमटा बसला की माणूस काय काय म्हणतो."

"आपला कापूस नाही गेला तिकडे?"

"गेला तर! मुंबईहून जाणाऱ्या सगळ्यालाच तिकडे 'सुरत' म्हणायचे. आखूड धागा, त्यात पाचोळा, मागावर सारखा तुटायचा. नगावर मजुरी, त्यामुळे दिवसभर राबून हातात काहीच नाही. एका प्रार्थनेत म्हणे 'देवा, कापूस धाड' म्हटल्यावर मागून कुणी ओरडलं, 'पण सुरत नको रे बाबा!'"

"अगं बाई! इतका वाईट?"

"वाईट असो नाहीतर बरा, भाव तर सोन्याचा मिळाला ना! मुंबईत नुसता पैसा वाहत होता. प्रेमचंद रायचंद सट्ट्याचा राजा, समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या बॅक बे भरावाच्या शेअरसाठी लोक वेडे झालेले. लढाई संपू नये म्हणून देव पाण्यात घालून बसलेले सगळे! एप्रिल 1865 मध्ये दक्षिणेचा सेनापती ली शरण गेला आणि कापूस कोसळला. 1 जुलैला वायदे भागवायचे होते, तेव्हा भलेभले आडवे. प्रेमचंदसुद्धा."

"मग मुंबई विद्यापीठाचा तो राजाबाई टॉवर प्रेमचंदनं कुठल्या पैशातून बांधला?"

"आईच्या नावानं दोन लाख त्यानं विद्यापीठाला आधीच देऊन टाकले होते, म्हणून वाचले!"