खाडा

प्राचार्यांच्या खोलीत समित्यांचं वाटप झालं, त्या दुपारी मी दातांच्या डॉक्टरांकडे तोंड वासून पडलो होतो. जो बैठकीला नसतो त्याच्या गळ्यात समिती पडते, हा आमच्या महाविद्यालयातला जुना रिवाज. दुसऱ्या दिवशी टेबलावर पत्र होतं : 'विद्यार्थी आरोग्य व स्वास्थ्य दूत उपक्रम – समन्वयक'. आता मी शिकवतो कॉस्टिंग. हा विषय शिकून कुणाचं स्वास्थ्य सुधारल्याचं बावीस वर्षांच्या नोकरीत माझ्या ऐकिवात नाही. तसं सांगायला गेलो, तर प्राचार्य माझ्या सुजलेल्या गालाकडे बघत म्हणाले, "आरोग्याशी सध्या तुमच्याइतका संबंध स्टाफमध्ये कुणाचा आहे, सांगा बरं." रूट कॅनॉल चालू असलेल्या माणसाला वाद घालता येत नाही.

'दूत' हा शब्द मला जरा जडच वाटला. दूत म्हटलं की आमच्या पिढीला एक तर यमदूत आठवतो, नाही तर राजदूत मोटरसायकल. दोन्ही दारात उभे राहिले की घरच्यांच्या पोटात गोळा यायचा. मुलांना असलं ओझं नाही. "दूत आहे का रे कुणी?" असं कँटीनमध्ये कुणी ओरडलं, की आमच्या चौदा दूतांपैकी एखादा तरी हात वर करतो. दुसऱ्या हातात बहुधा वडापाव असतो.

चौदांपैकी अकरा जण एनएसएसचे. ही मंडळी कशालाही येतात. राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठांतल्या ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन. वर्षाला १२० तास काम आणि सात दिवसांचं शिबिर, असं तिचं गणित. त्या शिबिरात ज्याने शंभर माणसांच्या पिठल्यात मीठ दोनदा घातलं आणि तरीही दुसऱ्या दिवशी गावकऱ्यांना तोंड दाखवलं, त्याला पुढे आयुष्यात कशाचाच संकोच वाटत नाही. आरोग्यदूताला याहून मोठी पात्रता कुठली? त्यांच्या बिल्ल्यावरचं चाक कोणार्कच्या सूर्यमंदिराचं आहे आणि त्याचे आठ आरे म्हणजे दिवसाचे आठ प्रहर, हे मला एका दूतानेच सांगितलं. "म्हणजे सर, चोवीस तास तयार." तो सकाळच्या पहिल्या तासाला कधीच तयार नसतो, हे मी बोललो नाही.

प्रशिक्षण आमच्या समुपदेशक बाईंनी घेतलं. पहिल्या दिवशी रक्तदाब मोजणं, चक्कर आलेल्याला आडवं करून पाय उचलून धरणं, ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण रिकामं करणं, अर्धं उद्यासाठी न ठेवणं. इथवर सगळे खूश. दुसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, "आता मुख्य गोष्ट. सल्ला द्यायचा नाही."

वर्गात कुणीतरी गेल्यासारखी शांतता पसरली. मराठी माणसाकडून सल्ला काढून घेतला, तर त्याने समोरच्याशी बोलायचं तरी काय? शिंक आली तर तुळशीचा काढा, झोप येत नसेल तर तळपायाला तेल, नोकरी गेली तर 'धंदा कर', लग्न जमत नसेल तर 'अपेक्षा कमी कर'. आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत माझ्या दातासाठी मला तीन वेळा लवंग आणि एकदा तुरटी सुचवली गेली होती. सुचवणाऱ्यांपैकी कुणीही 'फार दुखतंय का?' असं विचारलं नव्हतं.

बाईंनी जोड्या लावल्या. एकाने म्हणायचं, 'माझं हल्ली कशात मन लागत नाही', दुसऱ्याने तीन मिनिटं ऐकायचं. आमचा परळीकर बरोबर चौदाव्या सेकंदाला म्हणाला, "लोड नको घेऊ." बाईंनी थांबवलं. दुसऱ्या वेळी 'लोड' त्याच्या ओठांपर्यंत आला, तो त्याने गिळला आणि मान हलवत राहिला. तिसऱ्या वेळी मान हलवून हलवून दुखायला लागल्यावर तो नुसतं म्हणाला, "मग?" समोरची मुलगी पुढे बोलायला लागली, आणि नाटक आहे हे विसरून बरंच खरं बोलून गेली. बाई म्हणाल्या, "हे 'मग' छान आहे." गोष्ट ऐकताना पोरं आजीला हेच तर म्हणतात, असंही त्या म्हणाल्या. मोठेपणी हा शब्द आपण फक्त भांडताना वापरतो.

आजीवरून बाईंना झिंबाब्वेतल्या आज्या आठवल्या. डिक्सन चिबांडा नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने २००६ साली हरारेत दवाखान्यांच्या आवारात बाक ठेवले आणि वस्तीतल्याच आज्यांना शिकवून त्यांवर बसवलं. सगळ्या देशात मानसोपचारतज्ज्ञ बोटांवर मोजण्याइतके होते आणि आज्यांना तोटा नव्हता. या आज्या 'तुम्हाला नैराश्य आलंय' असलं काही बोलत नाहीत. त्यांच्या शोना भाषेत शब्द आहे 'कुफुंगिसिसा', म्हणजे फार विचार करणं. हे ऐकल्याबरोबर गडहिंग्लजची मुलगी म्हणाली, "आमची आई रोज फोनवर हेच विचारते. फार विचार नाही ना करत बसत?" आपल्याकडे इतक्या लांब जायलाही नको. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केलं, आणि पुढे गावातल्याच बायकांना, त्यांतल्या कित्येक निरक्षर, शिकवून गावाचं आरोग्य त्यांच्या हाती दिलं. शेजारणीला चुलीपाशी जे कळतं ते तपासणीच्या टेबलावर कळत नाही.

आमच्या मुलांची चूल म्हणजे मेस. त्यांतले बहुतेक कॉट बेसिसवर राहतात. एका खोलीत चार खाटा, एक खिडकी आणि वाळत घातलेले बारा कपडे. कुणाचं काय चाललंय हे हजेरीपटावरून कळतं, अशी माझी समजूत होती. हजेरीपटावर सगळेच हजर असतात, कारण आवाज बदलून 'येस सर' म्हणणं ही इथली जुनी कला आहे. खरी हजेरी असते मेसच्या काकूंच्या वहीत. ज्यांनी पुण्यात दिवस काढले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो : महिन्याचे पैसे आगाऊ भरायचे आणि गावाला जाणार असाल तर आधी 'खाडा' सांगायचा, म्हणजे तेवढ्या दिवसांचे पैसे पुढे धरले जातात. भिंतीवर पाटी असते : 'सलग तीन दिवसांपेक्षा कमी खाडा धरला जाणार नाही.' या पाटीवरून होणारी भांडणं मी कॉस्टिंगच्या तासाला उदाहरण म्हणून वापरतो.

दूतांनी त्या वहीचा वेगळाच उपयोग शोधला. खाडा सांगून गेलेला मुलगा सुखरूप असतो. तो बहिणीच्या लग्नाला नाही तर सोयाबीन काढायला गेलेला असतो. पण पैसे भरलेत, खाडा सांगितलेला नाही आणि ताट मात्र दोन दिवस पालथं, असं दिसलं की काकू परळीकराला खुणावतात आणि दोघं जण जाऊन त्या खोलीचं दार वाजवतात. दारात प्रश्नावली काढत नाहीत. "चल, आज काकूंनी बटाटेवडे केलेत" एवढंच. एका सत्रात चार दारं वाजवली. दोन ठिकाणी ताप निघाला, एका ठिकाणी रात्रभर बघितलेली कोरियन मालिका.

चौथ्या दाराबद्दल मुलं माझ्याशी बोलली नाहीत. बोलायचं नाही, हेही त्यांना शिकवलेलं होतं. मला कळलं ते इतकंच, की त्या रात्री दोघं त्याच खोलीत जमिनीवर झोपले, सकाळी त्याला मधे घेऊन बाईंकडे गेले आणि संध्याकाळी त्याचे वडील एसटीने आले. त्यांच्या पिशवीत भाकरी होत्या, चौघांना पुरतील इतक्या. सगळ्या दूतांच्या मोबाइलच्या पाठीवर १४४१६ हा आकडा चिकटवलेला आहे. टेली-मानसची ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी सुरू झाली. ती फुकट आहे, रात्रंदिवस चालते आणि मराठीतूनही बोलता येतं. हे आपल्याला पेलणार नाही, असं वेळेत म्हणता येणं ही दूतांची सगळ्यात अवघड परीक्षा, आणि तिला एटीकेटी नाही.

बाकी दूतांचं स्वतःचं आरोग्य यथातथाच. झोपेच्या महत्त्वावरचं पोस्टर त्यांनी ग्रुपवर टाकलं ते रात्री दोन वाजून चाळीस मिनिटांनी. त्यावर ठळक अक्षरांत होतं : 'रात्री आठ तास झेप घ्या.' मी ताबडतोब चूक कळवली. समन्वयक इतक्या रात्री जागे कसे, असं कुणी विचारलं नाही. चौदाही जण जागेच होते.

दर बुधवारी कँटीनबाहेर त्यांचं टेबल लागतं. टेबलावर रक्तदाबाचं यंत्र, एक वही आणि शेंगदाण्याच्या चिक्कीचा डबा. रक्तदान शिबिरात हिमोग्लोबिन साडेबाराच्या खाली म्हणून परत पाठवलेल्या मुलींची रांग बघितल्यापासून हा डबा सुरू झाला. सकाळी काही न खाताच आलेल्यांनी आधी तुकडा तोंडात टाकायचा, मग यंत्राला हात द्यायचा. एका बुधवारी गडहिंग्लजकरीण म्हणाली, "सर, परीक्षेचा फॉर्म भरून आलेच, पाच मिनिटं बसता?" मी बसलो. बसलो म्हणून एक तुकडा तोंडात टाकला. दुसऱ्यांदा चावताच दाढेवरची नवी कोरी कॅप चिक्कीला चिकटून निघाली.

नेमका त्याच क्षणी एक मुलगा समोर येऊन बसला. कॅप गिळली जाऊ नये म्हणून मी ती जिभेखाली धरली आणि "हं" म्हणालो. तो उमरग्याकडचा. दोनदा नापास झाला होता, कॉस्टिंगमध्ये. मला त्याने ओळखलं नाही, म्हणजे तासाला कधी आलेला नव्हता. माझ्या घशाशी निदान पाच सल्ले येऊन उभे राहिले, पहिला अर्थातच 'तासाला बसत जा'. तोंड उघडलं असतं तर साडेचार हजार रुपये खाली पडले असते. मी तोंड मिटूनच म्हणालो, "मग?"

मग तो वीस मिनिटं बोलला. घरी पास झालोय असं सांगून ठेवलंय. वडिलांनी गावात पेढे वाटले. मेसमध्ये गावाकडचे दोघं समोर बसतात, ते निकालाचं काढतील म्हणून रात्रीचं जेवायला जातच नाही, बिस्किटं खाऊन झोपतो. बोलता बोलता त्याने डब्यातल्या चार चिक्क्या संपवल्या. शेवटी उठला, "बरं वाटलं सर" म्हणाला. बाईंची खोली कुठे आहे ते मी हाताने दाखवलं, तोही तिकडे जायला वळला. इथे मी थांबायला हवं होतं. पण तोवर कॅप रुमालात गेली होती आणि तोंड मोकळं झालं होतं.

"अरे," मी मागून म्हणालो, "जेवायला जायचं नसेल तर काकूंना खाडा तरी सांगत जा. फुकट पैसे जातात."

त्याने मान डोलावली.

गडहिंग्लजकरीण परत आल्यावर मी तिला झाला प्रकार जरा ऐटीतच सांगितला, खाड्यासकट. तिने कपाळावर हात मारला. "सर! तो खाडा सांगायला लागला तर आम्हाला कळणार कसं?" आणि ती तशीच मेसकडे पळाली.

वही समोर उघडी होती. नावाचा रकाना तिच्यात नाहीच. तारीख, वर्ग, किती मिनिटं, बाईंकडे पाठवलं का, आणि शेवटी 'सल्ला दिला का?' मी 'नाही' लिहिलं. मग ते खोडून 'हो, एक' लिहिलं, आणि कॉस्टिंगच्या सवयीने त्यापुढे रक्कम टाकली : सत्तर रुपये, एका ताटाचे.