गिअर पडत नाही? प्रथम बॉनेट उघडावे

गाडीचा गिअर पडेनासा झाला की प्रथम बॉनेट उघडावे. गिअरबॉक्सचे दुखणे वरून बघून कळत नाही, पण बॉनेट उघडल्याशिवाय माणसे जमत नाहीत आणि माणसे जमल्याशिवाय आपल्याकडे कसलेही निदान होत नाही. थोड्याच वेळात सोसायटीतले निवृत्त काका, इस्त्रीवाला आणि जन्मात स्टिअरिंगला हात न लावलेले एक गृहस्थ हजर होतील. "बॉक्स गेला," हे तिघेही एकमुखाने सांगतील, खर्चाचा आकडा तेवढा प्रत्येकाचा वेगळा. सर्वांचे आभार मानून बॉनेट बंद करावे आणि ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसावे. खरी तपासणी तिथे होते.

आधी वाकून क्लचच्या पेडलखाली पाहावे. रबरी मॅट गोळा होऊन तिथे अडकली असेल तर पेडल पूर्ण खाली जात नाही, क्लच पुरता सुटत नाही आणि गिअर पडत नाही. मॅट ओढताच दुखणे पळाले, तर वाच्यता करू नये. बॉक्सचे काम करून घेतले म्हणून सांगावे. काकांचाही मान राहतो.

मॅट निर्दोष सुटल्यास इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून पाहावेत. बंद गाडीत अलगद पडतात आणि इंजिन चालू होताच दांडा हटून बसतो, असे असेल तर बॉक्सवर आळ घेऊ नये. क्लच सुटत नाहीये. केबलवाल्या गाडीत केबल ताणली गेलेली असते, हायड्रॉलिक क्लचमध्ये तेल झिरपत असते. बऱ्याच गाड्यांत क्लच आणि ब्रेक एकाच डबीतले तेल वापरतात, म्हणून पातळी उतरलेली दिसली तर थट्टा बाजूला ठेवून गाडी जागची हलवू नये.

एकटा दुसराच गिअर खरखरत असेल, तर त्या गिअरची सिंक्रोची पितळी रिंग झिजली असण्याचा संभव फार. सगळेच खरखरले तर पुन्हा क्लचकडे वळावे. रिव्हर्सची गोष्ट निराळी. अनेक गाड्यांत त्याला सिंक्रोमेश दिलेलाच नसतो; गाडी पूर्ण थांबवून, क्लच दाबून तीन-चार सेकंद दम धरला की तो मुकाट पडतो. पार्किंगमध्ये मागे हॉर्न वाजत असताना तेवढा दम धरणे हा चारित्र्याचा प्रश्न आहे, यंत्राचा नव्हे.

खंबाटकी चढताना इंजिन ओरडते आहे, काटा वर जातो आहे आणि गाडी मात्र जागेवर रेंगाळते आहे, शिवाय जळका वास येतो आहे, तर मागे बसलेली मंडळी पुढच्या ट्रककडे बोट दाखवतील. त्यांचे ऐकू नये. घाट संपल्यावर, क्लच निवल्यावर, सपाट मोकळ्या जागी हँडब्रेक ओढून ब्रेक दाबावा, तिसरा गिअर टाकून क्लच हळूहळू सोडावा. गाडी आचका देऊन बंद पडली तर पेढे वाटावेत. चालूच राहिली तर क्लच स्लिप मारतोय. ही परीक्षा एकदाच घ्यावी. पाहुण्यांना दाखवण्यासाठी पुन्हा पुन्हा घेतल्यास उरलेली प्लेटही जळते.

आवाजाचे शास्त्र नाजूक आहे. गाडी न्यूट्रलला ठेवावी. क्लच दाबल्यावर आवाज सुरू होत असेल तर संशय क्लचच्या बेअरिंगवर. दाबल्यावर थांबत असेल तर बॉक्सच्या आतल्या बेअरिंगवर. मुरलेला मेकॅनिक लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक बॉक्सला लावून मूठ कानाशी धरतो आणि डोळे मिटतो. त्या वेळी मोबाइलवर बोलू नये.

तिसरा गिअर सटकतो म्हणून दांडा गुडघ्याने दाबून धरणारे वीर आहेत. त्यांनी इंजिनाचे रबरी माउंटिंग एकदा बघून घ्यावे; ते बसले की इंजिन हलते आणि सटकण्याचे खापर बॉक्सवर फुटते. एरवीही दांड्यावर हात टेकून गाडी चालवण्याची ऐट सोडावी. त्या हाताचा भार आतल्या फोर्कवर येतो.

बॉक्सचे ऑइल सोडायची वेळ आली तर तळाचा नट हातात घ्यावा. बऱ्याचदा त्याला चुंबक असतो आणि चुंबकावर करडा लगदा. तो बोटांत चोळावा. मऊ लागला तर वयोमानाची झीज. टोचला तर दात तुटलेत. नवे ऑइल गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलेच घालावे. जीएल-४ सांगितले असताना "याच्याहून भारी" म्हणून कुणी जीएल-५ ओतू लागल्यास हात धरावा. त्यातली काही रसायने सिंक्रोच्या पितळेला बाधतात.

एवढे करूनही बॉक्स उतरवावाच लागला, तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग एकदमच बदला, कारण पुन्हा उतरवायची मजुरी तेवढीच पडते. आणि जुनी प्लेट मागून घ्या. रिव्हेटच्या डोक्यांवर अस्तर चांगले जाड दिसत असेल, तर बिल भागवण्याआधी ती काय म्हणून बदलली ते विचारा.