ट्रॅक्टरची नोट

"अवो मॅडम, इकडं या बरं जरा. आमच्या घरी पाच लाखाची नोट निंगाली म्हन्ते!"

शेजारच्या काकूंचं गुपित असंच असतं: तिसऱ्या घरापर्यंत ऐकू जाईल इतकंच हळू. देऊळगाव राजाला आमच्या दोन घरांमध्ये तारेचं कुंपण आहे, आणि बँकेतून निवृत्त झाल्यापासून माझी अर्धी सकाळ त्या तारेपाशी जाते. काकूंनी पदराच्या गाठीतून नोट काढली. पाच रुपयांची, हिरवी, पाठीमागे ट्रॅक्टर. बाजाराच्या दिवशी काकांच्या दुकानात एका म्हातारीनं गुळाच्या पैशात दिली होती. नातवानं लगेच मोबाइलवर व्हिडिओ लावला: ट्रॅक्टरवाली नोट असेल तर पाच लाख तुमचे.

"पैसे धाडले का कुठं?"

"धाडूच रायले होते. म्या म्हनलं, आंधी मॅडमले इचारा. थो फोनवाला म्हने, रिझर्व बँकीचा मानूस हाय. शिक्का, कार्ड, समदं दाखोलं. फक्त नोंदनीचे दोन हजार आंधी टाका म्हने."

तिथंच कळलं. नोट विकणाऱ्याला पैसे मिळायचे असतात, त्यानं भरायचे नसतात. रिझर्व्ह बँक जुन्या नोटांच्या असल्या धंद्यात नाही. आमचं नाव आणि बोधचिन्ह वापरून कुणी फी, कमिशन, टॅक्स मागत असेल तर देऊ नका, असं तिनं ऑगस्ट 2021 मध्ये जाहीरच केलंय. हे सांगितल्यावर काकूंनी आधी घराकडं बघून "आयकलं का हो?" असा आवाज दिला आणि मग माझ्याकडं वळल्या.

"मंग हे नोट खोटी?"

"खोटी कशाला? चांगली पाच रुपयांची आहे, आजही चालते. पण ट्रॅक्टर पाठीवर घेऊन ही नोट 1970 च्या दशकापासून पुढं कितीतरी वर्षं छापली गेली. मी काउंटरवर हिच्या गड्ड्या मोजल्यात. जी नोट घराघरात होती तिला कोण लाख देईल?"

काकूंचा चेहरा उतरला. खरं तर लोकांना जुनेपणाचंच फार कौतुक. पण नोट किती वर्षांची आहे यापेक्षा तसल्या किती उरल्या आणि कोणत्या अवस्थेत उरल्या, यावर संग्राहक भाव ठरवतो. आणि आमच्या काकूंनी तर त्या नोटेला इस्त्री केली होती.

"सुरकुत्या जाव्या म्हून," त्या म्हणाल्या.

सुरकुती गेली तरी घडी कळते. नोट आडवी धरून उजेडात तिरकी केली की दिसतेच. त्यात इस्त्रीनं कागदाचा करकरीतपणाही जातो. धुणं, चिकटपट्टी लावणं, लॅमिनेशन, सगळं त्याच जातीचं. डावीकडं टाचणीची भोकं असली तर मात्र घाबरायचं नाही. 2001 च्या सुमाराला रिझर्व्ह बँकेनं बंद करायला लावेपर्यंत आम्ही बँकवालेच गड्ड्यांना पिना ठोकत होतो. त्याआधीच्या कोऱ्या नोटेलाही भोक असतं, आणि जाणकार ते समजून घेतो.

"मंग नेमकं पाहाचं तरी काय?"

"सही पाहायची, काकू."

2005 नंतरच्या नोटेवर मागं खाली साल छापलेलं असतं, तिथं प्रश्न नाही. त्याआधीच्या बहुतेक नोटांचा काळ सहीवरून काढायचा. इथं मी जरा रमले, कारण ही माझी आवडती गोष्ट. गांधीजींच्या जन्मशताब्दीला, 1969 मध्ये, खास नोटा निघाल्या. बसलेले गांधीजी, मागं सेवाग्रामचा आश्रम.

"आपल्या वर्ध्याचा?"

"आपल्या वर्ध्याचाच. त्या नोटांवर सही होती गव्हर्नर एल. के. झा यांची. ते गेले आणि 4 मे 1970 ला बी. एन. आडारकर आले. 15 जूनला त्यांचीही मुदत संपली. तेवढ्या काळातल्या त्यांच्या सहीच्या गांधी-नोटा निघाल्या. चित्र तेच, कागद तोच, पण आडारकरांची सही असेल तर संग्राहकाचे डोळे चमकतात."

"दीड महिन्यात मानूस खुर्चीवर नीट बसत बी नाही, अन् हा सही करून गेला!" काकूंना हे फार आवडलं.

एक रुपयाच्या नोटेवर गव्हर्नरची सहीच नसते, ती भारत सरकारची नोट, सही अर्थ खात्याच्या सचिवाची. म्हणून मनमोहन सिंगांची सही 1970 च्या दशकाच्या शेवटी छापलेल्या एक रुपयाच्या नोटेवर आहे, आणि 1982 नंतर गव्हर्नर म्हणून मोठ्या नोटांवरही आहे. नाव मोठं, पण नोटा भरपूर, त्यामुळे भाव बेताचाच. बाकी 786 आकडा असला की सैलानी बाबांच्या दर्ग्याला जाणारा आपल्याकडचा कुणीही ती नोट मोडत नाही. तो भाव श्रद्धेचा, त्याचा हिशेब वेगळा.

काकूंनी तिसऱ्या घराकडं मान वळवली. "त्याहीच्या तांदळाच्या डब्यात जुन्या पाचशेच्या निंगाल्या म्हन्ते. नोटबंदीच्या."

"दहापर्यंत असतील तर आठवण म्हणून ठेवू द्या. अभ्यासाला, संग्रहाला पंचवीस चालतात. 2017 च्या कायद्यानं त्याहून जास्त ठेवल्या तर दहा हजार किंवा नोटांच्या पाचपट, जो जास्त असेल तो दंड. दोन हजाराच्या निघाल्या तर मात्र वाया जात नाहीत. त्या रिझर्व्ह बँकेच्या नागपूर ऑफिसला पोस्टानं पाठवून आपल्या खात्यात जमा करून घेता येतात."

हे सगळं तिसऱ्या घरात पोचलं असणार. तिकडची खिडकी उघडीच होती.

मग काकू थोडं थांबून म्हणाल्या, "अन् उर्दूची नोट असन तं?"

आता माझे कान टवकारले. काकूंचं माहेर जालन्याकडचं. इथून जालना काही फार लांब नाही, पण स्वातंत्र्याआधी मधे सरहद्द होती. आपण वऱ्हाडात, इंग्रजांचा कलदार रुपया. पलीकडं निजामाची हद्द, तिथं त्याचा हाली रुपया. निजामाला स्वतःच्या नोटा काढायची मुभा होती. 1918 पासून हैदराबाद संस्थानाच्या नोटा निघत. सात हाली रुपयांचे सहा कलदार, असा हिशेब. 1948 नंतर हाली हळूहळू बंद झाली, आणि पेटीत राहिली ती राहिली. व्यवहारात तिला आज काही किंमत नाही. पण संग्राहकाकडं तिची विचारपूस होते, आणि मोठ्या रकमेची, न फाटलेली असेल तर चांगली होते. मुख्य म्हणजे तिच्या नकलाही बाजारात फिरतात, म्हणून ज्या घरातून निघाली ते घर ठाऊक असणं, हाच मोठा पुरावा.

"कुठं पाहिली तुम्ही?"

"माह्या आईच्या पेटीत. चार-पाच होत्या. बाबा तंबाखूची उधारी लिवाचे त्या वहीत ठेवल्या. मी मागतल्या तं भावजय म्हन्ते, हे माह्या सासऱ्याचं धन हाय."

"अहो, पण तिचे सासरे म्हणजे तुमचेच वडील ना?"

"हाओ ना! थेच तं म्हनते मी! तिचा सासरा झाला, माहा बाप नाही झाला का?"

पुढची दहा मिनिटं नोटांचा विषय नव्हता. भावजयीनं दिवाळीला कोणती साडी दिली, हा होता. शेवटी काकूंनी ठरवलं: जालन्याला जायचं, वहीसकट नोटा बघायच्या, दोन्ही बाजूंचा फोटो काढायचा. इस्त्री करायची नाही, हे मी दोनदा बजावलं. जाता जाता त्या पुन्हा तारेपाशी आल्या.

"भाव काय तो तुमी मले इथंच सांगजा बरं. फोनवर सांगू नोका. माही भावजय फोन स्पीकरवर टाकून आयकते."